कळंबच्या सावडीतला अपुरा दिवस

आधी नलूताईंचं नाव लिहितो, मग बाकीचं. कर्जत-खालापूरच्या या फेरीत माझ्या हातून काही बरं झालं असं कुणाला वाटलं, तर त्याच्या मागं नलूताई बसलेल्या होत्या. हे मान देण्यासाठी म्हणत नाही. त्या खरोखरच मागं बसलेल्या असायच्या. आमच्या कामाची रीतच तशी आहे.

पुण्याच्या आमच्या केंद्रातून, मनाच्या आजारातून उठलेली माणसं गावोगाव शिकवायला जातात. आजार म्हणजे काय ते डॉक्टर शिकवतात. आम्ही आजाराच्या नंतरचं शिकवतो. इस्पितळातून घरी आलेला माणूस परत उभा कसा राहतो, घरच्यांनी काय करावं, काय करू नये. जायचं जोडीनं. एकानं पुढं उभं राहून स्वतःचं सांगायचं. दुसऱ्यानं सगळ्यांच्या मागं, बोलणाऱ्याला दिसेल असं बसायचं. बोलता बोलता माणूस कधी त्या जुन्या जागी घसरेल याचा नेम नसतो, म्हणून ही सोय. मी घाईला आलो की नलूताई खांद्यावरची कापडी पिशवी उजवीकडून डावीकडं घेत. म्हणजे, हळू. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली की, थांब, पाणी पी.

नलूताई साताऱ्याकडच्या, वयानं माझ्या आईच्या जवळपास. इस्पितळात त्यांनीही दिवस काढलेले आहेत. पण त्या पुढं कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. एकदा केंद्रातल्या केंद्रात आपलं सांगायला गेल्या आणि पुढं कितीतरी दिवस झोपेशिवाय काढले. तेव्हापासून, "मला मागंच बसू दे, मागं बसायलाही कुणीतरी लागतंच," असं म्हणत. त्यांना एक लेक आहे, पनवेलच्या बाजूला दिलेली. बाकीचं त्यांनी मला एकट्याला सांगितलेलं आहे.

मी परभणीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. पुण्याच्या अलीकडचं-पलीकडचं काही पाहिलेलं नव्हतं.

कर्जत

घाट उतरताना बोगदा आला की डब्यातली पोरं एका सुरात ओरडायची. मी सपाट रानातला माणूस. डोंगराच्या आतून गाडी जाते हे मला ठाऊक होतं, पण पोटाला ते पटत नव्हतं. खिशातली गोळ्यांची पुडी सारखी चाचपत होतो.

"आहे ना?" नलूताईंनी विचारलं.

"आहे."

"मग आता कर्जत येईपर्यंत हात बाहेर ठेव. पुडी पळून जात नाही."

कर्जतला उतरल्यावर मी म्हणालो, परतीची गाडी कुठल्या फलाटाला लागते ते बघून ठेवू. नलूताईंनी ओळखलं. आधी वडा घेऊन माझ्या हातात दिला. "खा. रिकाम्या पोटी बोललास की तू फार शहाण्यासारखं बोलतोस, आणि मग कुणाला काही कळत नाही." वडा गरम होता, जीभ भाजली. भाजलेल्या जिभेनं परत जायची गोष्ट निघाली नाही.

त्या दिवशी तालुक्यातले आरोग्यसेवक एका शाळेत जमले होते. माझं सांगायचं ठरलेलं आहे, तेच सांगितलं. आमच्या विहिरीतून मला नाव घेऊन हाका यायच्या. भावानं आधी देवर्षी केला, मग इस्पितळ केलं. घरी आलो तेव्हा वहिनीनं दार उघडलं, पोटभर वाढलं, पण ताट वेगळं ठेवलं. आणि विहिरीवर काही मला कुणी जाऊ देईना. पुढं वहिनी तापानं पडली, घरात पाण्याचा थेंब नाही, भाऊ बाजाराला गेलेला. तिनं पडल्या पडल्या दोराकडं बोट केलं. मी गेलो, पाणी शेंदलं, परत आलो. त्या दिवशी मी बरा झालो असं मी लोकांना सांगतो, इस्पितळातून सुटलो त्या दिवशी नाही.

कळंबचे आरोग्यसेवक मागाहून जवळ आले. मिशीवाले, जरा संथ गृहस्थ. म्हणाले, "तुमची ती हिरीची गोष्ट आमच्या गावात सांगाच. आमच्याकडं एक बबन हाय. त्याचा दोर म्हणजे विळा."

मग त्यांनी ते नीट सांगितलं. कळंबला भातकापणी सावडीनं होते. सावड म्हणजे दिवसाला दिवस. तुझ्या खाचरात मी एक दिवस राबलो की माझ्या खाचरात तू एक दिवस राबायचं, मजुरीचं नाव नाही. ज्या घराची जास्त माणसं सावडीत, त्या घराची पाळी आधी. बबन दोन वर्षांपूर्वी ऐन कापणीत हातात विळा घेऊन उठला आणि डोंगराकडं चालता झाला. इस्पितळात राहून आला. आता धड आहे, गोळ्या घेतो, गुरं बघतो. पण त्याला सावडीत कुणी धरत नाही. त्याच्या जागी बायको सुगंधा एकटी जाते. म्हणून त्यांच्या खाचराची पाळी सगळ्यांत शेवटी. यंदा भात पिकून आडवं व्हायला आलं, वर ढग रोज जमतायत, आणि पाळी अजून लांब.

"पाऊस आला तर?" मी विचारलं.

"तर काय, खाली बसल भात. मोड येतील."

कळंब

एस.टी.तून दिसणारं सगळं मला नवं होतं. खाचरामागं खाचर, पिवळी पडलेली, प्रत्येकाला बांध. आणि पूर्वेला तो डोंगर, जशी कुणी रान संपल्यावर भिंतच घालून टाकली. आमच्याकडं पाणी शोधत फिरावं लागतं, इथं ओहोळ चुकवत चालावं लागतं. जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि वालाचं बिरडं. आमच्या ज्वारीच्या भाकरीला चावावं लागतं. ही भाकरी तोंडात गेली की आपलीआपण संपते. मी किती खाल्ल्या ते विचारू नका. वाढणारी बाई म्हणाली, "खा रं बाबा, तुझ्याकडं दुष्काळ दिसतोय." ती सुगंधा होती हे मागून कळलं. आमची उतरायची सोय आरोग्यसेवकांनी तिच्याच पडवीत केली होती.

सभा मारुतीच्या देवळात. माणसं शेतातून थेट आली, केसांत काड्या, पायाला चिखल. बाया एका अंगाला. नलूताई पार मागच्या खांबाशी. त्यांच्याही मागं, देवळाच्या बाहेर, पायरीवर एक माणूस गुडघे जवळ घेऊन बसला होता. तो बबन.

मी विहिरीचं सांगितलं. चांगलं सांगितलं असं मला वाटलं. मग हिराजीबाबा उठले. बबनचे चुलते, आणि सावडीचा सगळा हिशेब तेच सांभाळायचे. पाळी कुणाची, दिवस कुणाचा, सगळं त्यांच्या तोंडी.

"मास्तर," ते म्हणाले. सातवीतून शाळा सोडलेल्याला मास्तर म्हटल्यावर मी इकडं तिकडं बघितलं. "तुमी सांगितलं ते बेस सांगितलं. पर तुमच्या हिरीला दोर व्हता. हितं विळा हाय."

बाकीचे हसले. बायांतून सुगंधा उठली. "विळ्यानं त्यानं कुनाला नख तरी लावलं का, मामंजी? ठाकरवाडीत गावला तवा काय करत व्हता? त्यांचं गवत कापून देत व्हता!"

"व्हय गं बाई. मी कुठं नाय म्हनतो?"

"मंग?"

"मंग काय! त्याच्या शेजारी पात कोन धरल, ते सांग. तू घरची, तुझी हमी चालत नाय. दुसरा कोनी हाय का?"

एकानं पायाला लागलेला चिखल खरवडायला घेतला. मग सगळ्यांनाच आपापला चिखल दिसला.

नलूताईंची पिशवी डाव्या खांद्यावर गेली. मी बघितलं. मग ती पोटाशी गेली. तेही बघितलं. आमच्या कामात एक पक्कं आहे, आपलं सांगायचं, दुसऱ्याची हमी घ्यायची नाही. ते मला पाठ होतं.

"मी घेतो हमी," मी म्हणालो.

हिराजीबाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी?"

"हो."

"बरं. मंग सकाळी या दव वाळायच्या आत. तुमच्यासाठी विळा काढून ठेवतो."

देवळात हशा उसळला. मी आपला उभा. हमी म्हणजे चार लोकांत शब्द टाकायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इथं हमीदारानं त्या माणसाच्या शेजारची पात, म्हणजे एकाच्या वाट्याचा कापायचा पट्टा, धरून दिवसभर कापायचं असतं. तो मागं पडला तर त्याची पातही हमीदारानंच पुरी करायची, तरच त्याचा दिवस धरतात. हे मला आरोग्यसेवकांनी पायऱ्या उतरताना सांगितलं. तोवर पायरीवरचा माणूस उठून गेला होता.

सुगंधाच्या घराकडं निम्मी वाट झाल्यावर नलूताई म्हणाल्या, "बबनला विचारलंस?"

मी थांबलो.

"तिथं बसला होता की. तुला दिसला नाही?"

दिसला होता. घरात, इस्पितळात, सगळ्यांनी माझं मला न विचारता ठरवलं, अशी तक्रार मी गावोगाव सांगत फिरतो. आणि मी तेच केलं होतं, सभेत उभं राहून.

बबन गोठ्याशी होता. तिशीचा, उंच, मान खाली घालून बोलणारा. मी म्हणालो, "चुकलं माझं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

"व्हय." तो वैरण टाकत राहिला. "आता उद्या सगळं गाव बघाया येनार. जत्रा."

"मी जाऊन सांगतो हिराजीबाबांना, नाही म्हणून."

"आनि मंग काय म्हनतील? बबन भ्याला." मग त्यानं विचारलं, "तुला भात कापता येतं का?"

"ज्वारी काढता येते."

तो पहिल्यांदा वर बघून हसला. मग त्याची नजर माझ्या हातांवर आली. "हात हालतो तुझा."

"गोळीनं. तोंडही सुकतं."

त्यानं वैरणीतून आपला हात बाहेर काढून माझ्यासमोर धरला. तोही हलत होता. "हे बघतात आनि म्हनतात, अजून हाय त्याच्यात."

"मलाही म्हणायचे."

"तू सांगितलं नाय देवळात, हे गोळीनं हालतं म्हनून."

"राहिलं."

"ते सांगायचं व्हतं. विहीर कशाला सांगत बसलास?" तो गोठ्यातून बाहेर आला. "सकाळी ये. आनि डोक्याला कायतरी बांध, ऊन सोसनार नाय तुला. मला नाय सोसत."

प्रश्न दुसराच होता. दुसऱ्या दिवशीच आमची खालापूरकडच्या चौक गावी सभा ठरलेली होती. पुणे रस्त्याच्या कडेचे गॅरेजवाले, ढाबेवाले, त्यांच्या घरची माणसं. मी नलूताईंना म्हणालो, सभा पुढं ढकलू.

"लोक धंदा बंद करून येणार आहेत. ढकलायची कशी? हमी तू दिलीस, ती तू पाळ. चौकचं मी बघते."

"बोलणार कोण?"

"बघू," म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी स्वतःचा टॉवेल काढून माझ्याकडं दिला. "डोकं आणि मान दोन्ही झाकायचं. दुपारची गोळी भाकरीबरोबर." आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.ला एकट्या बसून गेल्या.

हिराजीबाबांचं खाचर

बबन म्हणाला होता तसंच झालं. ज्यांची पाळी नव्हती तेही बांधावर येऊन उभे राहिले. हिराजीबाबांनी एक विळा माझ्या हातात दिला. दुसरा बांधावर ठेवला. हातात दिला नाही.

बबननं तो वाकून उचलला. अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघितली. "ही काय धार हाय?" म्हणाला, आणि कडेच्या दगडावर पाणी शिंपून विळा घासायला बसला. सगळे बघत होते. घासण्याचा आवाज तेवढा येत होता. मी त्याच्या शेजारी उभा, कारण हमीदार मी. मला भीती बबनची नव्हती. इतक्या डोळ्यांखाली माणूस साधी धारसुद्धा नीट लावू शकत नाही, त्याचं बोट कापलं तर काय म्हणतील, याची होती. त्यानं घाई केली नाही. परत नखावर बघितलं आणि म्हणाला, "आन तुझा." माझ्याही विळ्याला धार लावून दिली.

मी तेवढ्यात मोठ्यानं बोललो. "एक सांगायचं राहिलं काल. हा हात हलतो तो गोळीनं. माझाही आणि याचाही. आजारानं नाही."

"बरं, बरं," हिराजीबाबा म्हणाले. "हालत्या हातानं कापा. पर कापा."

पाती धरल्या. सगळे वाकले, मीही वाकलो, आणि भाताचा पहिला झुबका धरून, हाताला जे माहीत होतं ते हातानं केलं. आमच्याकडं ज्वारी उपटतात. भात मुळासकट वर आलं, चिखलाचा गोळा थेट शेजारच्या बाईच्या पाठीवर.

"अगं बया! मास्तर, कापायचं हाय! लावनी परत करायची नाय!"

बांधावरचे लोक बबनला बघायला आले होते. ते आता मला बघून पोट धरून हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, बरंच झालं. तेवढ्या वेळात बबन चार हात पुढं निघून गेला आणि कुणी त्याच्याकडं बघतही नव्हतं.

तो कापत होता ते मला अजून दिसतं. डाव्या हातात मूठ, विळ्याची एक ओढ, मूठ बाजूला. हात हलत होता, पण मूठ धरली की थांबत होता. माझा थांबत नव्हता. सुगंधा माझ्यापुढून दोनदा गेली, दोन्ही वेळा माझ्या अर्धवट कापलेल्या काड्या साफ करून गेली. टॉवेलच्या आत मान भाजत होती. दर थोड्या वेळानं मी पाणी प्यायला उठायचो. तिकडून बबनही उठायचा. कळशीपाशी आमची गाठ पडायची.

"किती ऱ्हायलं तुझं?" तो विचारायचा.

"बघू नका तिकडं."

दुपारी सगळे पलीकडच्या बांधाला लागले. बबनही लागला, मधल्या माणसांत. ना पहिला, ना शेवटचा. आणि कापलेल्या खाचराच्या मधोमध माझी पात उभी राहिली, मागं निम्मी शिल्लक.

हिराजीबाबा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "आता? मानसाची पात ऱ्हायली तर हमीदार भरतो. हमीदाराचीच ऱ्हायली तर कोन भरनार? असं कधी झालं नाय आमच्यात."

"परभनीस्न मानूस बोलवा," कुणीतरी म्हणालं.

"नको! तो उपटल!"

त्यांच्या थट्टा चालल्या होत्या तेव्हा बबन उठला. भाकरीचं फडकं सोडायला बसलेला होता, ते तसंच ठेवलं. पलीकडच्या टोकाला गेला आणि माझ्या पातीत उलट्या बाजूनं कापत यायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हो-नाही म्हणालं नाही. मी इकडून, तो तिकडून. माझं दोन हात होईपर्यंत तो येऊन भिडला. मधला शेवटचा झुबका त्यानं मला ठेवला. "काप," म्हणाला. मी कापला.

जेवताना हिराजीबाबांनी निवाडा दिला. सावडीत असा निवाडा जेवतानाच होतो, म्हणजे सगळ्यांच्या कानावर पडतो.

"बबनचा दिवस भरला. मास्तरचा अपुरा. तो बी बबननंच भरला. म्हंजे मास्तर बबनचं एक दिवसाचं देनं लागतो." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वर ढगाकडं बघितलं. "सुगंधाचे दिवस हाईत, वर बबनचा. आजपास्नं त्या घराची दोन मानसं धरायची. उद्या बबनच्या खाचरात चला."

"माझी पाळी व्हती उद्या," एक जण म्हणाला.

"तुजं गरवं हाय, उशिरा पिकनारं, अजून हिरवं हाय. त्याचं पडाया आलंय. हाय का काय अडचन?"

तो माणूस बबनकडं बघून म्हणाला, "नाय. पर माझ्या येळंला त्याच विळ्यानं ये रं बबन. धार चांगली लावतोस."

बबन मान खाली घालून जेवत होता. जेवण झालं तशी त्यानं खिशातून पुडी काढली आणि सगळ्यांसमोर गोळी घेतली. मीही घेतली.

संध्याकाळी घरी आल्यावर सुगंधा माळ्यावर चढली. पेंढ्याच्या आत हात घालून फडक्यात गुंडाळलेला एक विळा तिनं काढला. बबनचा स्वतःचा, दोन वर्षं तिनं तिथं लपवलेला. देवळात त्याच्यासाठी भांडली होती तीच. खाली उतरून तिनं तो त्याच्यासमोर ठेवला आणि बघत उभी राहिली.

"गंजला गं," बबन म्हणाला.

"गंजू दे. घास."

चौक

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. कळंबच्या बाहेर पडली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. बबनच्या खाचरात सावड उतरली होती. कुठला बबन ते ओळखू आलं नाही. सगळे सारखेच वाकलेले होते.

कर्जतला गाडी बदलून चौकला पोचलो आणि पाऊस लागला. कळंबला भारे उचलले असतील का? हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढं ते आरोग्यसेवक पुण्याला आले तेव्हा म्हणाले, पाऊस कळंबला संध्याकाळी आला, तोवर शेवटचा भारा खळ्यावर गेला होता.

चौक म्हणजे मोठा रस्ता. कळंबला पाखरांचा आवाज ऐकून आलेलो, इथं ट्रक एकामागं एक, हवेला डिझेलचा वास, आणि मागं इर्शाळगडाचं टोक ढगात. सभा कादरभाईंच्या गॅरेजमध्ये झाली होती. ते एका चाकाचे नट आवळत होते. मी नाव सांगितलं तसे उठले, काळ्या हातांनीच नमस्कार केला.

"तुमी भात कापायला गेलते तेच ना? बाईनं सांगितलं. बाई आतमध्ये चहा पितेत."

"काल सभा झाली का?"

"झाली म्हणजे काय! पंचवीस-तीस माणूस. बाई एकटीच बोलली."

"काय बोलल्या?"

कादरभाईंनी पाना खाली ठेवला. "ते मी नाय सांगणार. त्या म्हणाल्या, हे माझं आहे, ऐका आणि इथंच ठेवा. तर आमी इथंच ठेवलं." मग म्हणाले, "एक गोष्ट सांगतो. सुरू करायच्या आधी म्हणाल्या, सगळ्यांच्या मागं एक स्टूल ठेवा. आमाला वाटलं कोणी यायचंय. कोणी आला नाय. बाई आपली त्या रिकाम्या स्टुलाकडं बघून बोलत होती. मध्ये एकदा थांबल्या, पाणी प्याल्या, पुन्हा बघितलं, पुन्हा बोलल्या."

मी मागं वळून बघितलं, स्टूल अजून तिथंच होतं.

"माझा भाऊ आहे," कादरभाई म्हणाले. "मागच्या खोलीत असतो, बाहेर निघत नाय. काल आवाज ऐकून आला आणि त्या स्टुलावर बसला. सभा संपेपर्यंत बसला होता."

नलूताई आत बाकावर होत्या. डोळे तांबारलेले. समोर चहा, त्यावर साय धरलेली.

"झोपला नाहीत," मी म्हणालो.

"लागेल झोप. दोन-चार दिवसांनी." त्यांनी माझी मान बघितली. "टॉवेल नीट बांधला नाहीस."

"ताई, माझ्यामुळं तुम्हाला..."

"तुझ्यामुळं कशाला? माझ्या तोंडानं बोलले मी. बबनचं सांग."

मी सगळं सांगितलं. उपटलेल्या भाताला त्या हसल्या, बबननं माझी पात कापली ते परत सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुझा दिवस त्यानं भरला."

"चौकचा तुम्ही भरला."

त्यांनी चहावरची साय बोटानं बाजूला केली आणि थंड चहा पिऊन टाकला.

परत

चौकच्या थांब्यावर दोन्हीकडच्या गाड्या येतात. एका अंगाला पनवेल, दुसऱ्या अंगाला खोपोली, पुढं घाट चढून पुणं. पाऊस थांबला होता. पनवेलची गाडी आधी आली, आमच्या समोरच उभी राहिली. कंडक्टर दारातून ओरडला, "पनवेल, पनवेल, चला!" नलूताई त्या पाटीकडं बघत राहिल्या. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. ती खूण आजवर त्या मला करायच्या. त्या दिवशी कुणाला करत होत्या ते मी विचारलं नाही.

गाडी गेली.

"काल बोलता येईल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "परक्यांना सांगता आलं. तिला सांगता येईल की नाही, कोण जाणे."

ती म्हणजे लेक. काय सांगायचं आहे ते नलूताईंचं आहे, ते मी इथं लिहीत नाही. एवढं लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे.

मग आमची गाडी आली. खालापूर फाटा गेला, कुंभिवलीचे ढाबे गेले. खोपोलीनंतर घाट सुरू झाला तशा त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मी पुडी चाचपली नाही. पिशवी त्यांच्या मांडीवरून घसरत होती ती माझ्या खांद्याला अडकवली.

बबनचा एक दिवस माझ्याकडं निघतो. पुढच्या कापणीला जाईन आणि या खेपेला उपटणार नाही. नलूताई, तुमचाही एक दिवस निघतो, तो भात कापून फिटायचा नाही. ज्या दिवशी तुम्ही पनवेलच्या गाडीत बसाल, त्या दिवशी मला सांगा, मी बरोबर येईन. तुमच्या लेकीच्या घरात तुम्ही तिच्यासमोर बसा. मी सगळ्यांच्या मागं बसेन, तुम्हाला दिसेल असा. घाई झाली तर पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेईन. तुम्ही हळू सांगा. स्टूल रिकामं असणार नाही.